जो फ्रेझियर, चौदावी फेरी आणि कॉर्नरमधलं एक मिनिट

१ ऑक्टोबर १९७५ च्या सकाळी, मनिलाला लागून असलेल्या केसोन सिटीत, हेवीवेट जगज्जेतेपदाची लढत चौदा फेऱ्यांनंतर थांबली. पंधरावी आणि शेवटची फेरी झालीच नाही. लढत रेफ्रीने थांबवली नव्हती, डॉक्टरनेही नाही. आव्हानवीर जो फ्रेझियर नको नको म्हणत असताना त्याचाच प्रशिक्षक एडी फुच याने ती थांबवली आणि मुहम्मद अली विजयी ठरला.

या प्रकरणात एकच गोष्ट तपासायची आहे: खेळाडूला लढायचं असताना त्याची लढत कुणी, कधी आणि कशाच्या आधारावर थांबवावी? अशा टिपणांत नावं झाकायची रीत आहे. इथे झाकली असती तरी वाचकांनी दुसऱ्या वाक्यालाच ओळखली असती, म्हणून सार्वजनिक नावं तशीच ठेवली आहेत. हे टिपण जिल्हा-राज्य पातळीवर पोरं रिंगमध्ये उतरवणाऱ्या प्रशिक्षकांसाठी आहे, आणि कठड्याजवळ उभं राहून 'अजून एक राउंड काढ' म्हणून ओरडणाऱ्या पालकांसाठीही.

खेळाडू

जो फ्रेझियरचा जन्म १२ जानेवारी १९४४ चा, अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या ब्यूफर्टचा. घर शेतमजुरी करणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबाचं, खाणारी तोंडं भरपूर. लहानपणी त्याने घरच्या डुकराला डिवचलं, ते मागे लागलं, आणि पळताना पडून त्याचा डावा हात विटेवर आपटला. डॉक्टरकडे जायला पैसे नव्हते. हात आपोआप बरा झाला, पण कोपरात पुन्हा पुरता सरळ होईना. पुढे ज्या डाव्या हुकची (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाची) सगळ्या हेवीवेटांनी धास्ती घेतली, तो याच वाकड्या राहिलेल्या हाताचा.

पोत्यात चिंध्या, मक्याची बुरकुंडं आणि मध्ये एक वीट भरून त्याने पंचिंग बॅग केली आणि झाडाला टांगली. किशोरवयात गाव सोडलं, फिलाडेल्फियात कत्तलखान्यात कामाला लागला. पोलिसांच्या क्रीडा मंडळाच्या जिममध्ये गेला तो वजन उतरवायला. तिथे यँक डरहॅम या प्रशिक्षकाने त्याला हेरलं.

१९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या निवड चाचणीत तो बस्टर मॅथिसकडून हरला होता. मॅथिसचा हात दुखावला म्हणून फ्रेझियरला संधी मिळाली. उपांत्य लढतीत त्याचा डावा अंगठा मोडला. त्याने ते कुणाला कळू दिलं नाही, अंतिम लढत तशीच खेळला आणि ३-२ अशा निकालाने सुवर्ण घेऊन आला. त्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला बॉक्सिंगमध्ये मिळालेलं हे एकमेव सुवर्ण. गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे, आणि त्यामुळेच घातक. दुखापत लपवली की पदक मिळतं, हा धडा विसाव्या वर्षी गिरवला की तो आयुष्यभर पुरतो.

१६ फेब्रुवारी १९७० ला त्याने जिमी एलिसला हरवलं आणि तो निर्विवाद जगज्जेता झाला. ही लढत कशी संपली ते इथे महत्त्वाचं आहे. चौथ्या फेरीत एलिस दोनदा खाली पडला. पाचवीची घंटा झाली तेव्हा त्याच्या प्रशिक्षकाने त्याला स्टुलावरून उठूच दिलं नाही. तो प्रशिक्षक होता अँजेलो डंडी, म्हणजे अलीच्या कॉर्नरमधला (रिंगच्या ज्या कोपऱ्यात फेऱ्यांच्या मधे खेळाडू बसतो आणि त्याची माणसं असतात तिथला) कायमचा माणूस. फ्रेझियरला जगज्जेतेपद मिळालं तेच समोरच्या कॉर्नरने आपल्या माणसाला वेळेवर अडवल्यामुळे.

८ मार्च १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने अलीला गुणांवर हरवलं. दोघेही तोवर अपराजित होते. पंधराव्या फेरीत फ्रेझियरच्या डाव्या हुकने अली उताणा पडला आणि काही सेकंदांत उठलाही. हा प्रसंग लक्षात ठेवावा, पुढे पर्यायांचा विचार करताना तो पुन्हा लागणार आहे.

मग २२ जानेवारी १९७३, किंग्स्टन, जमैका. जॉर्ज फोरमनने दोन फेऱ्यांच्या आत फ्रेझियरला सहा वेळा पाडलं. सहाही वेळा तो उठला, शेवटी रेफ्रीलाच मध्ये पडावं लागलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डरहॅम वारला आणि सगळी सूत्रं त्याच्या मदतनिसाकडे, फुचकडे आली.

कॉर्नरमधला माणूस

एडी फुच १९११ सालचा, म्हणजे मनिलाच्या वेळी ६४ वर्षांचा. जन्म मिसिसिपीचा, वाढला डेट्रॉइटमध्ये. तरुणपणी हलक्या वजनगटात लढला. पुढे हेवीवेट जगज्जेता झालेल्या जो लुईबरोबर एकाच जिममध्ये सराव केला, त्याच्याशी स्पारिंगही केलं. व्यावसायिक व्हायच्या बेतात असताना तपासणीत हृदयाचा दोष निघाला आणि हातमोजे सुटले. म्हणजे डॉक्टरच्या एका 'नाही'ने आयुष्याची दिशा बदललेला हा माणूस. मृदू बोलणारा, बारीक निरीक्षण करणारा. १९७१ ला अलीविरुद्धचा डावपेच बराचसा त्याचा होता: अली उजव्या हाताने अपरकट (खालून वर जाणारा ठोसा) मारायला जाईल तेव्हा त्याचा उजवा गाल उघडा पडतो, तेव्हाच डावा हुक घालायचा. १९७३ मध्ये अलीचा जबडा मोडणाऱ्या केन नॉर्टनचा प्रशिक्षकही हाच.

रिंगमध्ये माणसं मेलेली त्याने डोळ्यांनी पाहिली होती. मनिलाबद्दल बोलताना नंतर त्याने ही गोष्ट सांगितली, आणि फ्रेझियरची मुलं त्या क्षणी मनात आली हेही सांगितलं.

बॉक्सिंगच्या कॉर्नरमध्ये दोन फेऱ्यांच्या मधे एक मिनिट मिळतं. त्यात पाणी, बर्फ, सुजेवर थंड धातूची पट्टी, फाटलेल्या कातडीवर औषध, श्वास आणि दोन सूचना. फार तर तीन, त्याहून जास्त पोराच्या डोक्यात शिरत नाहीत. लढत थांबवण्याचा अधिकार रेफ्रीला असतो, डॉक्टरच्या शब्दाला वजन असतं, आणि कॉर्नरचा मुख्य माणूस आपल्या बाजूने माघार जाहीर करू शकतो. यातले पहिले दोघे त्रयस्थ. या माणसाला एरवी कसं दिसतं, कसं ऐकू येतं, दमला की त्याचा कुठला खांदा खाली येतो, हे फक्त तिसऱ्याला ठाऊक असतं. आपल्याकडे वस्ताद पठ्ठ्याची मान धरली जाताना बघून त्याच्याआधी ओळखतो की आता हे खांदे टेकणार, तसंच हे.

मनिलाच्या आधी

२८ जानेवारी १९७४ ला दुसरी लढत झाली, बारा फेऱ्यांची. अली गुणांवर जिंकला. फुचचं म्हणणं, अलीने फ्रेझियरची मान पकडून पकडून लढत काढली आणि रेफ्रीने ते चालू दिलं. म्हणून तिसऱ्या लढतीआधी त्याने रेफ्रीचा प्रश्न धसास लावला. प्रवर्तक डॉन किंगच्या बाजूने झॅक क्लेटनचं नाव पुढे येत होतं. फुचने यजमानांना समजावलं आणि कार्लोस पाडिल्ला हा फिलिपिनो रेफ्री नेमला गेला. पाडिल्लाने अलीला मान पकडू दिली नाही. सामना गाजला त्याचं निम्मं श्रेय या एका नेमणुकीला जातं असं मला वाटतं. पकडापकड नाही, म्हणजे विश्रांती नाही. दोघांनाही नाही.

दुसरी गोष्ट वैराची. अलीवर १९६७ ते १९७० बंदी होती तेव्हा फ्रेझियरने त्याला पैशाची मदत केली होती, त्याला परवाना मिळावा म्हणून शब्दही टाकला होता. पुढे त्याच अलीने त्याला गोऱ्यांचा हुजऱ्या ठरवलं. मनिलाच्या आधी तर पत्रकारांसमोर खिशातून रबरी गोरिला काढून त्याला ठोसे मारले. तिकिटं खपली, पण फ्रेझियरच्या घरच्या पोरांनाही शाळेत हे ऐकावं लागत होतं. त्यामुळे १ ऑक्टोबरला रिंगमध्ये उतरलेला माणूस नुसता पट्टा परत घ्यायला उतरला नव्हता. अशा माणसाला 'थांबायचं का?' असं विचारलं तर उत्तर काय येणार, हे लढतीच्या आधीच सांगता आलं असतं.

तिसरी गोष्ट डोळ्याची, आणि माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक इथेच आहे. फ्रेझियरने पुढे स्वतःच सांगितलं की त्याच्या डाव्या डोळ्यात कारकिर्दीच्या सुरुवातीपासून मोतीबिंदू होता आणि वैद्यकीय तपासण्यांतून तो ते लपवून निसटत गेला होता. म्हणजे मनिलात त्याच्याकडे कामाचा डोळा एकच होता, उजवा.

लढत कुठे फिरली

अली ३३ वर्षांचा, सहा फूट तीन इंच. फ्रेझियर ३१ चा, पाच फूट साडेअकरा इंच. अमेरिकेतल्या संध्याकाळच्या प्रक्षेपणासाठी लढत स्थानिक वेळेनुसार पावणेअकराच्या सुमारास सुरू झाली. खच्चून भरलेलं बंदिस्त सभागृह, वरून टीव्हीचे दिवे, बाहेर मनिलाचं दमट हवामान. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत अलीने पाय रोवून जोरात मारलं, लवकर संपवायच्या हिशेबाने. फ्रेझियरचं इंजिन नेहमीच उशिरा तापायचं. पाचवीपासून तो आत शिरला. खाली वाकत, डोकं सतत हलवत, बरगड्या आणि कंबरेवर ठोसे, मग अचानक वर डावा हुक. सहाव्या फेरीतल्या दोन हुकांनी अलीचं डोकं गरकन फिरलं. दहाव्या फेरीपर्यंत बघणाऱ्यांना सामना बरोबरीचा, काहींना फ्रेझियरचा वाटत होता.

अकरावीत अलीने पुन्हा हात उघडले आणि फ्रेझियरचा चेहरा सुजायला लागला. उजवा डोळा मिटत चालला. इथून पुढची साखळी समजून घ्यायला हवी, कारण फुचच्या निर्णयाचं मूळ तिच्यात आहे. फ्रेझियरचा बचाव खाली वाकून डोकं हलवण्यावर चालायचा. वाकलेल्या माणसाला समोरचा नीट दिसायला डोळे वर न्यावे लागतात. एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्याची फट झालेली, त्यामुळे दिसावं म्हणून तो सरळ उभा राहायला लागला. सरळ उभा राहिला की अलीच्या उंचीला आणि लांब हाताला आयतं निशाण. दिसत नाही म्हणून उभा राहतो, उभा राहिला म्हणून जास्त मार खातो, मार खाल्ला की आणखी सुजतो आणि आणखी कमी दिसतं. कॉर्नरमधल्या एका मिनिटात बर्फाने हे चक्र तुटत नाही.

तेराव्या फेरीत अलीच्या ठोशाने फ्रेझियरचा माउथगार्ड उडून थेट प्रेक्षकांत गेला. चौदाव्यात उजव्या हाताचे सरळ ठोसे एकामागून एक बसत होते. फ्रेझियरला ते येताना दिसतच नव्हते. दिसलेल्या ठोशाला मान ताठ होते, जबडा घट्ट होतो, डोकं थोडं तरी मागे जातं. न दिसलेला ठोसा सैल मानेवर बसतो आणि मेंदू कवटीत हलतो. जिममध्ये हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त ते आपल्या पोराला लागू करायची वेळ आली की आठवत नाही.

त्या एका मिनिटातले पर्याय

घंटा झाली, फ्रेझियर स्टुलावर बसला. फुचपुढे काय काय होतं?

सगळ्यात सोपं म्हणजे पाठवून देणं. शेवटची फेरी, तीनच मिनिटं. समोर अलीही पार दमलेला, आणि फ्रेझियरच्या डाव्या हातात एका ठोशात सामना फिरवण्याची ताकद. ही आशा अगदीच खुळी नव्हती. पण १९७१ आठवून पाहा. तेव्हा २७ वर्षांच्या फ्रेझियरने, उजवा डोळा शाबूत असताना, याच पंधराव्या फेरीत अलीला आपला सर्वोत्तम हुक मारला होता, आणि अली उठला होता. आता समोरचा माणूस दिसत नसताना तोच ठोसा त्याहून जोरात बसेल, असं धरून चालावं लागणार होतं.

गुणांवर जिंकता आलं असतं का? तेव्हा फेरी जिंकणाऱ्याला पाच आणि हरणाऱ्याला साधारण चार गुण मिळत. चौदा फेऱ्यांनंतर रेफ्री आणि दोन पंचांचे आकडे अलीच्या बाजूने ६६-६०, ६६-६२ आणि ६७-६२ असे होते. म्हणजे सगळ्यात जवळच्या पत्रिकेतही चार गुणांचं अंतर. पंधरावी फेरी फ्रेझियरने खेचली असती तरी निकाल तोच. फुचला हे आकडे त्या क्षणी दिसत नव्हते. आज ते बघून त्याचा निर्णय बरोबर ठरवणं म्हणजे पेपर फुटल्यावर उत्तर लिहिणं. त्याने जे ठरवलं ते गुण माहीत नसताना, आणि ते तसंच तपासलं पाहिजे.

दुसरा मार्ग म्हणजे फ्रेझियरलाच विचारणं. वरवर हे सन्मानाचं वाटतं, आजही बरेच प्रशिक्षक करतात. पण ज्याने मोडलेल्या अंगठ्याने ऑलिंपिक फायनल खेळली, फोरमनपुढे सहा वेळा पडून सहा वेळा उठला आणि ज्याला समोरच्याने महिनोन्महिने गोरिला म्हटलंय, त्याच्या 'हो'ला माहिती म्हणून काही किंमत नाही. शिवाय चौदा फेऱ्या डोक्यावर ठोसे खाल्लेला मेंदू हा निर्णय घेण्याच्या स्थितीत असतो का, हाच तर प्रश्न आहे. ज्या अवयवाला धोका आहे त्यालाच कौल मागायचा?

तिसरा मार्ग जबाबदारी पुढे ढकलण्याचा: रेफ्री आहे, डॉक्टर आहे, त्यांना वाटलं तर थांबवतील. जगज्जेतेपदाच्या शेवटच्या फेरीत, दोघेही पायावर उभे असताना, जगभर प्रक्षेपण चालू असताना, परक्या माणसाकडून हे धाडस होईल अशी अपेक्षा करणं म्हणजे स्वतःची सुटका करून घेणं.

चौथा मार्ग हुशार वाटतो: पाठव, आणि पहिला मोठा ठोसा बसला की थांबव. प्रशिक्षकांच्या गप्पांत हा पर्याय हमखास निघतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. हेवीवेटमध्ये आणि पूर्ण थकलेल्या शरीरावर, ज्या ठोशाने तुम्हाला 'आता पुरे' कळतं, नुकसान बहुतेक वेळा त्याच ठोशाने झालेलं असतं. माघारीची खूण म्हणून फेकलेला टॉवेल हवेतून रिंगपर्यंत जायला आणि रेफ्रीला तो दिसायला जो वेळ लागतो, तेवढ्यात अलीसारख्या माणसाचे आणखी तीन-चार ठोसे होतात.

उरला थांबवण्याचा पर्याय. त्यात फ्रेझियरच्या नावावर पराभव लागणार, शेवटच्या फेरीच्या उंबरठ्यावर. आणि तो आपल्या प्रशिक्षकाला कदाचित कधीच माफ करणार नाही, ही जोखीम फुचच्या एकट्याच्या डोक्यावर.

निर्णय

फुचने फ्रेझियरला सांगितलं की मी थांबवतोय. फ्रेझियर उठायला लागला, नको म्हणाला, मला तो हवाय म्हणाला. फुचने त्याला खाली बसवलं. त्याचे शब्द नोंदले गेले आहेत: "बस, पोरा. संपलं आता. आज तू इथे जे केलंस ते कुणीही विसरणार नाही." मग त्याने पाडिल्लाला खूण केली.

या वाक्यांत प्रश्नचिन्ह नाही. अलीची स्थिती, गुण, पट्टा यांतलं काही नाही. आधी निर्णय, मग कारणाच्या जागी केवळ आदर. वाद घालायला जागाच ठेवलेली नाही. कॉर्नरमध्ये निर्णय सांगायचा कसा, याचं यापेक्षा नेटकं उदाहरण मला माहीत नाही.

तो थोडा उशिरा झाला का? माझं मत: हो, एक फेरी. डोळ्याचं चक्र तेराव्या फेरीअखेर पुरतं स्पष्ट होतं. चौदावीत फ्रेझियरला मिळवण्यासारखं जे होतं त्यापेक्षा त्याने गमावलं ते कितीतरी जास्त. फुचच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की तेराव्यानंतर थांबवलं असतं तर आज त्याला शहाणा न म्हणता भित्रा म्हणणारे जास्त निघाले असते. हा त्याच्या निर्णयाचा दोष नाही, बघणाऱ्यांचा आहे.

पुढे काय झालं

समोरच्या कॉर्नरमध्ये अली उभा राहिला, हात वर केला आणि रिंगमध्येच कोसळला. मरणाच्या सगळ्यात जवळ गेलो होतो, असं तो त्या लढतीबद्दल नंतर म्हणाला. चौदाव्या फेरीनंतर त्यानेही डंडीला हातमोजे कापायला, म्हणजे लढत सोडायला, सांगितले होते, असं सांगणारे आहेत. त्यावर एकमत नाही.

फ्रेझियर आणि फुच यांचं नातं तुटलं नाही. जून १९७६ मध्ये फोरमनविरुद्धच्या दुसऱ्या लढतीत फुचच त्याच्याबरोबर होता. फ्रेझियर पाचव्या फेरीत हरला आणि निवृत्त झाला. डिसेंबर १९८१ मध्ये शिकागोत एकदा परतला, बरोबरी झाली, मग कायमचा थांबला. ३७ लढती, ३२ विजय, चार पराभव, एक बरोबरी. चारही पराभव फक्त दोघांकडून: अली आणि फोरमन. फिलाडेल्फियात त्याने वर्षानुवर्षं जिम चालवली. ७ नोव्हेंबर २०११ ला यकृताच्या कर्करोगाने तो गेला, ६७ व्या वर्षी.

अली मनिलानंतरही सहा वर्षं लढत राहिला. त्याचा डॉक्टर फर्डी पाचेको १९७७ मध्ये, मूत्रपिंडाचे अहवाल वाईट आले तरी कुणी ऐकत नाही म्हणून, त्याला सोडून गेला. २ ऑक्टोबर १९८० ला तेव्हाचा जगज्जेता लॅरी होम्स याच्यासमोर अली दहा फेऱ्या नुसता मार खात होता. तेव्हा डंडीने लढत थांबवली. कॉर्नरमधलाच एक जण अजून एक फेरी मागत होता. डंडीने त्याला ठणकावलं की इथला मुख्य मी आहे आणि मी थांबवतोय. अलीचं पार्किन्सनचं निदान १९८४ मधलं.

फ्रेझियरच्या घरातली पुढची गोष्टही या प्रकरणाचाच भाग आहे. मुलगा मार्व्हिस बॉक्सर झाला, प्रशिक्षक बापच. अवघ्या दहा व्यावसायिक लढतींच्या अनुभवावर, नोव्हेंबर १९८३ मध्ये, जोने त्याला त्याच होम्ससमोर उभं केलं. पहिल्याच फेरीत मार्व्हिस दोरांना टेकून ठोसे खात राहिला आणि फेरी संपायला तीन सेकंद असताना रेफ्री मिल्स लेनने लढत थांबवली. १९८६ मध्ये माइक टायसनने त्याला ३० सेकंदांत संपवलं. जो फ्रेझियर पोरावर जीव टाकणारा बाप होता, यात शंका नाही. पण आपल्याला जे झेपलं ते पोरालाही झेपेल, हा माजी विजेत्याचा हिशेब जिल्ह्याजिल्ह्यात चालतो. माजी राष्ट्रीय खेळाडू प्रशिक्षक झाला की पोरांना त्याचा फायदा होतो तसा हा धोकाही होतो.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी डोळा. प्रशिक्षकाच्या शहाणपणावर चौदाव्या फेरीनंतर जी वेळ आली ती दहा वर्षं आधी एका नीट झालेल्या तपासणीने टळली असती. कदाचित फ्रेझियर जगज्जेताही झाला नसता. हा सौदा कडू आहे, पण तो तसाच मांडायला हवा. खेळाडू दुखापत लपवणार हे गृहीत धरूनच तपासणी बांधावी लागते. प्रामाणिकपणाच्या भरवशावर घेतलेली दृष्टीची चाचणी ही चाचणीच नव्हे. आपल्याकडे स्पर्धेच्या सकाळी वजनाच्या रांगेत डॉक्टर जेवढा वेळ देऊ शकतो, त्यात काय कळत असेल याचा विचार ज्याने त्याने करावा.

दुसरं, थांबायची रेषा लढतीच्या आधी ठरवणं. फुचची रेषा कदाचित त्याच्या मनात असेल, पण फ्रेझियरशी ती आधी बोलली गेली असती तर त्या एका मिनिटात त्याला धक्का बसला नसता. रेषा 'वाईट अवस्था झाली तर' अशी मोघम नको. 'मी किती बोटं धरलीत ते सांगता आलं नाही तर', 'उजवा ठोसा तीनदा न बघता खाल्लास तर' अशी मोजता येणारी हवी. आणि ती बोलायची सरावाच्या दिवसांत, पोरगं ताजंतवानं असताना, घरच्यांसमोर. कॉर्नरमध्ये किती माणसं असोत, थांबवणारा एकच असेल आणि तो कोण हेही तेव्हाच सांगून टाकायचं. डंडीला १९८० मध्ये स्वतःच्याच माणसाशी हुज्जत घालावी लागली ती हे आधी ठरलेलं नसल्यामुळे.

याच डंडीचं १९६४ चं उदाहरण लोक उलट बाजूने देतात. तेव्हाचा जगज्जेता सनी लिस्टन याच्याविरुद्ध चौथ्या फेरीनंतर अलीच्या डोळ्यांत काहीतरी गेलं, त्याला दिसेना, तो हातमोजे कापा म्हणाला. डंडीने डोळे धुतले आणि त्याला पाचवीसाठी रिंगमध्ये ढकललं. अली जगज्जेता झाला आणि डंडीचं ते ढकलणं अजरामर ठरलं. मला ते उदाहरण अस्वस्थ करतं. न दिसणारा २२ वर्षांचा पोरगा लिस्टनसमोर उभा केला होता. ती जळजळ तात्पुरती आहे हा अंदाज बरोबर ठरला, एवढंच. अंदाज चुकला असता तर आज तीच गोष्ट हलगर्जीपणाचा नमुना म्हणून शिकवली असती. निकालावरून निर्णयाची लायकी ठरवायची सवय बॉक्सिंगमध्ये फार खोल आहे.

तिसरं, फेऱ्यांची संख्या. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास व्हेगासला दक्षिण कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या फेरीत पडला आणि काही दिवसांत वारला. त्यानंतर जागतिक बॉक्सिंग कौन्सिलने जगज्जेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आणल्या. बाकीच्या संघटनाही त्या दशकात त्याच वाटेने गेल्या. मनिलाची लढत बारा फेऱ्यांची असती तर तेरावी आणि चौदावी, म्हणजे फ्रेझियरने आंधळ्या अवस्थेत काढलेली सहा मिनिटं, झालीच नसती.

राहिला तो प्रश्न जो या लढतीचा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच: अली पंधरावीला उठलाच नसता तर? फुचने अर्धं मिनिट वाट बघितली असती तर फ्रेझियर जगज्जेता झाला असता का? झालाही असता. पण फुच समोरच्या स्टुलाकडे बघत बसला असता तर त्या अर्ध्या मिनिटात फ्रेझियरचा उजवा डोळा उघडणार नव्हता. आणि अली उठला असता, जे त्याने १९७१ मध्ये पडल्यावरही केलं होतं, तर पंधराव्या फेरीची घंटा वाजलेली असती आणि कॉर्नरमधलं मिनिट संपलेलं असतं.